ग्राहकाच्या निवडीची गणितं सोडवताना या चुका टाळा

ग्राहक निवड कशी करतो, हा सूक्ष्म अर्थशास्त्रातला भाग वाचताना सोपा वाटतो आणि पेपरात नेमका अडतो. गणित अवघड असतं असं नाही. दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात, तिथे घोटाळा होतो. पहिला प्रश्न: हातातल्या पैशांत, चालू किमतींना काय काय घेता येईल? दुसरा: त्यातलं काय जास्त हवंय? पहिल्याचं उत्तर बजेट रेषा देते आणि तिला आवडीनिवडीशी काही देणंघेणं नसतं. दुसऱ्याचं उत्तर समवृत्ती वक्र (सारखंच समाधान देणाऱ्या जोड्या जोडणाऱ्या रेषा) देतात आणि त्यांना किंमत ठाऊकच नसते. उत्तर चुकलं की एका प्रश्नातली गोष्ट दुसऱ्यात घातली गेली का, हे आधी तपासावं.

सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. उत्पन्न १२०, क्ष वस्तूची किंमत ४, य वस्तूची किंमत ६. क्ष आडव्या अक्षावर, य उभ्या.

रेषेचा उतार उलटा घेऊ नका

य उभ्या अक्षावर आहे म्हणून तिची किंमतही वर ठेवायची, असं समजून बरेच जण उतार ६/४ लिहितात. सूत्र पाठ करण्याऐवजी टोकं काढा. सगळे पैसे क्षवर घातले तर ३० नग, सगळे यवर घातले तर २०. उतार २०/३०, म्हणजे २/३, म्हणजेच क्षची किंमत भागिले यची किंमत. (रेषा खाली उतरते, म्हणून चिन्ह ऋण.) एक क्ष जास्त हवा तर २/३ य सोडावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

आता क्षची किंमत ४ वरून २ झाली. आडवं टोक ३० वरून ६० वर गेलं, उभं २० वरच राहिलं. रेषा फिरली, समांतर सरकली नाही. समांतर सरकते ती उत्पन्न बदलल्यावर. उत्पन्न आणि दोन्ही किमती एकदमच दुप्पट झाल्या तर टोकं पुन्हा ३० आणि २०च येतात, म्हणजे रेषा जागची हलत नाही. अशा प्रश्नात ‘उत्पन्न वाढल्यामुळे ग्राहक जास्त खरेदी करेल’ असं लिहिलं की उत्तर तिथेच फसतं. किंमत बदलली म्हणून नवे समवृत्ती वक्र काढणं हीसुद्धा त्याच जातीची चूक. आवड बदललेली नाही, वक्र तेच राहतात. ग्राहक फक्त एका वक्रावरून दुसऱ्यावर जातो.

सीमांत उपयोगिता नुसती समान करू नका

सर्वांत जास्त मार्क इथे जातात. उपयोगिता म्हणजे वस्तूंतून मिळणारं समाधान, आणि सीमांत उपयोगिता म्हणजे आणखी एक नग घेतल्याने मिळणारं जादा समाधान. ‘दोन्ही वस्तूंची सीमांत उपयोगिता समान होईल तिथे ग्राहक समतोलात असतो’ हे वाक्य अर्धवट आहे. समान व्हायला हवी ती खर्चाच्या प्रत्येक एककामागची सीमांत उपयोगिता. हर्मान गोसेन यांनी हा विचार १८५४ मध्येच मांडला होता.

फरक आकड्यांत बघू. समजा उपयोगिता = क्ष × य. मग क्षची सीमांत उपयोगिता य इतकी आणि यची क्ष इतकी. दोन्ही नुसत्या समान केल्या तर क्ष = य, आणि १२० मध्ये १२–१२ नग बसतात. उपयोगिता १४४. खर्च बरोबर जुळतो, त्यामुळे उत्तर बरोबर आल्यासारखं वाटतं. आता प्रत्येकीला तिच्या किमतीने भागा: य/४ = क्ष/६. यातून क्ष १५ आणि य १० मिळतात. खर्च ६० + ६०, उपयोगिता १५०. त्याच पैशांत ग्राहक वरच्या वक्रावर पोचला.

शंका आली तर १२–१२ वर थांबून बघा. तिथे क्षवरच्या शेवटच्या एका एककाच्या खर्चातून १२/४ = ३ मिळतात, यवरच्या एककातून १२/६ = २. यवरचा खर्च क्षकडे वळवण्यात फायदा आहे, म्हणजे निवड अजून पूर्ण झालेली नाही. ही तपासणी कुठल्याही उत्तराला लावता येते.

उपयोगितेच्या आकड्याला वजन-उंचीसारखं मानू नका

१५० म्हणजे १०० च्या दीडपट समाधान, असं म्हणता येत नाही. आकडा फक्त क्रम सांगतो. पारेतो यांच्यापासून आणि पुढे १९३४ मध्ये हिक्स आणि अ‍ॅलन यांच्या मांडणीपासून हा सिद्धांत या पायावर उभा आहे.

यातूनच आणखी एक गैरसमज निपटतो. समवृत्ती वक्र आरंभबिंदूकडे बहिर्वक्र असतो तो घटत्या सीमांत उपयोगितेमुळे, असं सर्रास लिहिलं जातं. आपलंच उदाहरण बघा: य स्थिर ठेवून क्ष वाढवला तरी क्षची सीमांत उपयोगिता य इतकीच राहते, जराही घटत नाही. उपयोगितेचा वर्ग घेतला, म्हणजे क्ष² × य², तर ती चक्क वाढते. तरी वक्र तेच, निवडही तीच, १५ आणि १०. घटतो तो सीमांत पर्यायता दर (आणखी एका क्षसाठी ग्राहक किती य सोडायला तयार आहे ते), इथे य/क्ष. क्ष जसजसा जास्त जमेल तसतसा आणखी एका क्षसाठी ग्राहक कमी कमी य सोडायला तयार होतो. वक्राचा आकार या दरावर ठरतो.

प्रत्येक गणितात स्पर्शबिंदू शोधत बसू नका

वरच्या उदाहरणात उत्तर बजेट रेषा वक्राला टेकते तिथे, म्हणजे स्पर्शबिंदूवर मिळालं. नेहमीच तसं होत नाही. उपयोगिता = क्ष + य असेल, म्हणजे वस्तू एकमेकींच्या पूर्ण पर्यायी असतील, तर क्षमधून दर एककी १/४ मिळतं आणि यमधून १/६, कितीही घेतलं तरी. हे कधीच समान होणार नाहीत. समीकरण सुटत नाही म्हणून ‘समतोल नाही’ असं लिहू नका. समतोल आहे, तो कोपऱ्यावर आहे: ३० क्ष, शून्य य. उत्तरात एखादी वस्तू ऋण आली तरी कोपराच तपासायचा असतो. वस्तू ठरावीक प्रमाणातच वापरल्या जात असतील तर वक्र काटकोनी होतो आणि उत्तर त्याच्या कोनावर मिळतं, तिथेही उतार काढून उपयोग नाही.

उत्पन्न परिणाम आणि पर्यायता परिणाम

क्षची किंमत ४ वरून २ झाल्यावर मूळ उदाहरणात क्षची खरेदी १५ वरून ३० होते, य १० वरच राहतो. यातला काही भाग क्ष यच्या तुलनेत स्वस्त झाल्यामुळे येतो (पर्यायता परिणाम), उरलेला त्याच पैशांत आता जास्त घेता येतं म्हणून (उत्पन्न परिणाम). या वाढलेल्या १५ ची अशी फोड दोन तऱ्हांनी करता येते, आणि त्यांची सरमिसळ केली की उत्तर कुठल्याच तऱ्हेने जुळत नाही.

स्लट्स्की यांची रीत (१९१५): ग्राहकाला जुनी खरेदी नव्या किमतींना जेमतेम परवडेल एवढंच उत्पन्न ठेवा. २ × १५ + ६ × १० = ९०. या ९० मध्ये तो २२.५ क्ष घेईल. म्हणजे पर्यायता परिणाम ७.५, उत्पन्न परिणाम ७.५. हिक्स यांची रीत: ग्राहक जुन्याच वक्रावर, उपयोगिता १५० वर राहील एवढं उत्पन्न ठेवा. ते सुमारे ८४.८५ येतं आणि क्ष सुमारे २१.२. पर्यायता परिणाम ६.२, उरलेला ८.८ उत्पन्न परिणाम. प्रश्नात ‘जुनी खरेदी’ म्हटलंय की ‘जुनी समाधान-पातळी’, हे आधी वाचा. आणि मधली मदतरेषा नव्या रेषेला समांतर काढा. ती जुन्या रेषेला समांतर काढली की पुढचे सगळे आकडे चुकतात.

मागणी वक्रावरची हालचाल आणि वक्राचं सरकणं यांची गल्लत फार जुनी आहे. वस्तूची स्वतःची किंमत बदलली तर वक्रावरच विस्तार किंवा संकोच. उत्पन्न, आवड किंवा दुसऱ्या वस्तूची किंमत बदलली तर वक्र सरकतो.

निकृष्ट वस्तू म्हणजे वाईट वस्तू नव्हे

उत्पन्न वाढल्यावर जिची मागणी घटते ती निकृष्ट वस्तू. दर्जाशी तिचा संबंध नाही, आणि तीच वस्तू कमी उत्पन्नाला सामान्य, जास्त उत्पन्नाला निकृष्ट ठरू शकते. प्रत्येक निकृष्ट वस्तू गिफेन वस्तू (किंमत वाढली की जिची मागणीही वाढते अशी) असते हेही खरं नाही. किंमत वाढल्यावर मागणी वाढायची तर उलट दिशेचा उत्पन्न परिणाम पर्यायता परिणामाला मागे टाकेल इतका मोठा हवा, आणि त्यासाठी ती वस्तू खर्चाचा मोठा हिस्सा असावी लागते. म्हणून हे क्वचित घडतं. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चीनच्या हुनान प्रांतातल्या गरीब कुटुंबांना तांदळावर सवलत दिली, तेव्हा त्यांचा तांदळाचा वापर घटलेला दिसला.

एक तपासणी इथेही हाताशी असू द्या. ग्राहक सगळं उत्पन्न खर्च करत असेल तर वाढीव उत्पन्न कुठल्या तरी वस्तूवर जाणारच, त्यामुळे सगळ्याच वस्तू एका वेळी निकृष्ट असू शकत नाहीत. तुमच्या उत्तरात तसं आलं असेल, तर बजेटच्या समीकरणापाशी परत जा.