डायलवरचा आकडा खरा आहे का, हे असं तपासा

माझा हॅम (हौशी) रेडिओचा सेट गिरगावात चाळीच्या खिडकीशी आहे. मुंबईच्या ऑक्टोबरात सेटची फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल उकाड्याने सरकतोच, म्हणून आधी पंख्याचा झोत सेटवरून वळवा आणि सेट अर्धा तास तापू द्या. ही पायरी कृपया गाळू नका.

मग १० मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम हे वेळेचं केंद्र शोधा. सेकंदासेकंदाची टिकटिक ऐकू येते. यूएसबी (अपर साइडबँड) मोडमध्ये डायल ९.९९९ वर ठेवा. कॅरिअरची, म्हणजे केंद्राच्या मूळ लहरीची, शिटी नेमकी १००० हर्ट्झची यायला हवी. कानावर विसंबू नका, लॅपटॉपच्या वॉटरफॉलवर, म्हणजे आवाजातल्या फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या सरकत्या आलेखावर, बघा. १०१२ दिसले, तर सेट दाखवतो त्यापेक्षा १२ हर्ट्झ खाली ऐकतोय, म्हणजे १.२ पीपीएम (दहा लाखांत १.२ भाग). हीच चूक २८ मेगाहर्ट्झवर सुमारे ३४ हर्ट्झ होते. मेनूतल्या रेफरन्स सेटिंगने ती काढा. आयनोस्फिअरमुळे एखादा हर्ट्झ डोलतो, त्याच्या मागे लागू नका.

क्यूओ-१०० या हॅम रेडिओच्या उपग्रहासाठी मात्र एवढं पुरत नाही. त्याचा डाउनलिंक, म्हणजे खाली येणारा संकेत, १०,४८९ मेगाहर्ट्झवर. तिथे १ पीपीएम म्हणजे साडेदहा किलोहर्ट्झ! जीपीएसडीओच, म्हणजे जीपीएसच्या संकेताशी जुळवून अचूक राहणारा ऑसिलेटरच, घ्या, त्याचा अँटेना गच्चीवर मोकळ्या आकाशाखाली लावा. बऱ्याच एलएनबींना (डिशवरच्या रिसीव्हर डब्यांना) २५ मेगाहर्ट्झचा रेफरन्स लागतो, तेव्हा आउटपुट बदलता येणाराच निवडा.