पाण्यात उतरण्यापूर्वीचा निर्णय : कयाकिंग शिकणाऱ्यांसाठी पंचगंगाकाठचा अनुभव

कयाकिंग, म्हणजे कयाक ही लहान, अरुंद नाव वल्ह्याने चालवणे, शिकायला येणाऱ्यांना वल्हे कसे मारावे हे आधी जाणून घ्यायचे असते. कोल्हापुरात नवोदितांबरोबर सराव करताना माझे मत मात्र असे झाले आहे की, आज उतरायचे की नाही हे ठरवण्याची सवय त्याआधी लागली पाहिजे, आणि तो निर्णय काठावरच झाला पाहिजे. धारेत शिरल्यावर विचाराला सवड उरत नाही.

पंचगंगेला भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी या नद्यांचे पाणी मिळते. त्यामुळे शहरात लख्ख ऊन असतानाही राधानगरी किंवा गगनबावड्याकडच्या पावसाने नदी चढते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे तर पाण्याच्या दाबानेच उघडतात. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी रोज पाहावी, परंतु तेथील 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी पुरासाठी ठरवलेली आहे. 39 फुटांच्या आत पाणी आहे म्हणजे कयाक नेता येईल, असा अर्थ काढणे घातक आहे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, हे येथे लक्षात ठेवावे.

बंधाऱ्याविषयी मी सर्वांत आग्रही आहे. पाणी बरग्यांवरून (पाणी अडवण्यासाठी बंधाऱ्याच्या खांबांमध्ये बसवलेल्या फळ्यांवरून) वाहत असते तेव्हा वरच्या बाजूने, नावेत बसून पाहणाऱ्याला केवळ एक सपाट रेघ दिसते. खाली मात्र कोसळणारे पाणी उलटे फिरून पुन्हा भिंतीकडे येते. सुरक्षित अंतरावर उभे राहून तेथे अडकलेला एखादा ओंडका किंवा जलपर्णीचा पुंजका थोडा वेळ पाहावा : तो बुडतो, वर येतो, पुन्हा भिंतीकडे ओढला जातो. लाइफ जॅकेट घातलेला पट्टीचा पोहणाराही यातून सुटेलच असे नाही. बरगे काढलेले असले तरी खांबांमध्ये अडकलेल्या फांद्यांतून पाणी निघून जाते आणि माणूस अडकतो. म्हणून बंधाऱ्याच्या बरेच अलीकडे काठाला लागावे आणि नाव उचलून पुढे न्यावी.

प्रत्येक वळणाआधी ‘येथे नाव उलटली तर मी कोठे वाहत जाईन?’ असे स्वतःला विचारावे. उत्तरात बंधारा, पुलाचा खांब किंवा पाण्यात झुकलेली बाभूळ येत असेल, तर तेथे जाऊ नये. उलटल्यास वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण पाय खडकात अडकला की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. पाठीवर तरंगत, पाय प्रवाहाच्या दिशेने वर उचलून काठ गाठावा.

तलावावर वाऱ्याचा विचार महत्त्वाचा असतो : जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे दमल्यावर परतताना तो पाठीशी राहतो.

आमच्या गटात सर्वांत नवख्या व्यक्तीने ‘नको’ म्हटले की चर्चा न करता सगळे परततात. परतीची वेळ काठावरच्या एका माणसाला सांगून ठेवलेली असते आणि ती टळल्यावर किती वेळाने 112 क्रमांकावर फोन करायचा, हेही आधीच ठरलेले असते.