डायव्हर्सिटी व्हिसा लॉटरीतील प्रदेशनिहाय कोटा कसा काढावा

अमेरिकेच्या डायव्हर्सिटी व्हिसा लॉटरीत, म्हणजे कमी स्थलांतर होणाऱ्या देशांतील लोकांना सोडतीने ग्रीन कार्ड (कायम वास्तव्याचा परवाना) देणाऱ्या योजनेत, कोणत्या प्रदेशाला किती व्हिसा मिळणार, हे तिथून आलेल्या अर्जांच्या संख्येवर ठरत नाही. १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने त्यासाठी एक गणित घालून दिले असून ते दरवर्षी नव्याने मांडले जाते. ते स्वतः करून पाहायचे असेल, तर पुढील क्रम पाळावा.

प्रथम, आकडेवारी उपलब्ध असलेल्या अलीकडच्या पाच आर्थिक वर्षांत प्रत्येक देशात जन्मलेल्या किती जणांना ग्रीन कार्ड मिळाले, ते मोजावे. यात कुटुंब, नोकरी आणि अमेरिकी नागरिकांचे निकटचे नातेवाईक या मार्गांनी आलेलेच धरायचे. लॉटरीतून आलेले आणि निर्वासित वगळायचे. ज्या देशाची बेरीज ५०,००० च्या वर जाते, त्या देशाच्या मूळ रहिवाशांना लॉटरीत जागाच नाही. भारत याच कारणाने बाहेर आहे. मात्र येथे पाहिले जाते ते जन्मस्थान, नागरिकत्व नव्हे. त्यामुळे नेपाळमध्ये जन्मलेला भारतीय नागरिक नेपाळच्या खात्यात धरला जातो.

त्यानंतर हीच बेरीज सहा प्रदेशांत वाटावी: आफ्रिका, आशिया, युरोप, ओशनिया, मेक्सिको वगळून उत्तर अमेरिका, आणि दक्षिण अमेरिका, मेक्सिको, मध्य अमेरिका व कॅरिबियन मिळून एक. जगाच्या एकूण बेरजेच्या एक षष्ठांशाहून अधिक वाटा असलेला प्रदेश ‘जादा आवकीचा’, बाकीचे ‘कमी आवकीचे’.

गणिताची खरी मेख पुढच्या पायरीत आहे. जादा आवकीच्या प्रदेशांचा एकत्रित टक्का जेवढा, तेवढा टक्का व्हिसा कमी आवकीच्या प्रदेशांना दिला जातो, आणि उरलेला जादा आवकीच्या प्रदेशांना; म्हणजे ताटांची सरळ अदलाबदल होते. प्रत्येक गटाच्या आत मात्र वाटणी लोकसंख्येनुसार होते आणि त्या लोकसंख्येतून बाद झालेले देश आधी वजा केले जातात.

सोयीसाठी काल्पनिक आकडे घेऊ. पाच वर्षांची जागतिक बेरीज ४० लाख असून त्यात आशियाचा वाटा १७ लाख आणि लॅटिन अमेरिकी प्रदेशाचा १५ लाख आहे, असे समजू. दोघेही एक षष्ठांशाच्या, म्हणजे सुमारे ६.६७ लाखांच्या, पुढे आहेत आणि मिळून त्यांचा वाटा ८० टक्के होतो. हे ८० टक्के कमी आवकीच्या चार प्रदेशांकडे जातात. त्यांच्या लोकसंख्येत आफ्रिका ६० टक्के असेल, तर तिला ४८ टक्के, म्हणजे वर्षाच्या एकूण ५५,००० पैकी २६,४०० व्हिसा मिळतात. उरलेल्या २० टक्क्यांत, बाद देश वगळल्यावर आशियाचा लोकसंख्येतील वाटा ५५ टक्के धरल्यास तिच्या पदरी ११ टक्के, म्हणजे ६,०५० पडतात. भारत आणि चीन वजा झाल्यावर आशियाची लोकसंख्या किती आटते, हे लक्षात घेतले की तिचा आकडा लहान का राहतो ते कळते. उत्तर अमेरिकेत तर कॅनडा बाद असल्याने बहामाज हा एकच देश उरतो आणि त्याचा वाटा नाममात्र असतो.

५५,००० हा मूळ आकडा आहे. १९९७ च्या एका कायद्यानुसार त्यातून ५,००० पर्यंत व्हिसा निकारागुआ व मध्य अमेरिकेसंबंधीच्या योजनेकडे वळवता येतात, त्यामुळे प्रत्यक्ष हिशेबात त्याहून लहान आकडा धरावा लागू शकतो.

शेवटी दोन दुरुस्त्या कराव्यात. एका देशाला एका वर्षात ७ टक्क्यांहून अधिक व्हिसा मिळत नाहीत. ५५,००० धरल्यास ही मर्यादा ३,८५० येते. तसेच एखाद्या प्रदेशाचा वाटा पूर्ण वापरला जाणार नाही, असे परराष्ट्र खात्याला दिसले, तर शिल्लक व्हिसा इतर प्रदेशांना त्यांच्या टक्केवारीच्या प्रमाणात दिले जातात.

निवड झालेल्याच्या केस क्रमांकात वर्षानंतर प्रदेशाची दोन अक्षरे असतात, जसे आफ्रिकेसाठी एएफ, आशियासाठी एएस. क्रमवारी त्या प्रदेशापुरतीच असल्याने आशियातील ६,००० वा क्रमांक आणि आफ्रिकेतील ६,००० वा क्रमांक यांची तुलना करू नये. आपला क्रमांक परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमधील आपल्याच प्रदेशाच्या ओळीशी ताडून पाहावा आणि त्या ओळीत आपल्या देशासाठी वेगळी मर्यादा दिली असेल, तर तीच धरावी. ३० सप्टेंबरला आर्थिक वर्ष संपताच त्या वर्षाचे न वापरलेले व्हिसा रद्द होतात.