लॅपटॉप उघडण्याआधी: सेफ्टी कंट्रोलरची तयारी

मॉड्युलर सेफ्टी कंट्रोलर (सुरक्षेचे सिग्नल वाचून धोक्याच्या वेळी मशीन थांबवणारा, मॉड्यूल जोडून वाढवता येणारा कंट्रोलर) हातात आला की थेट सॉफ्टवेअर उघडून ब्लॉक जोडत बसायचा मोह होतो. तो आवरा. आधी मशीनची जोखीम-तपासणी समोर हवी: हात कुठे जातो, किती वेळा जातो, इजा झालीच तर किती गंभीर. त्यावरून आयएसओ १३८४९-१ या मानकाप्रमाणे प्रत्येक सेफ्टी फंक्शनला 'ए' ते 'ई' यांतली परफॉर्मन्स लेव्हल (पीएल, म्हणजे ते किती भरवशाचं हवं याची पातळी; 'ई' सर्वांत वरची) ठरते. कंट्रोलरवर 'पीएल ई' छापलंय म्हणून अख्खं फंक्शन त्या पातळीचं होत नाही. मोटर एकाच कॉन्टॅक्टरवर (मोटरचा सप्लाय जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचवर) सोडली असेल तर महागडा कंट्रोलर काय करणार?

मग इनपुट-आउटपुटचा तक्ता करा. इमर्जन्सी स्टॉपला दोन एनसी कॉन्टॅक्ट (एरवी जोडलेले, बटण दाबलं की तुटणारे), म्हणजे दोन इनपुट; लाइट कर्टनचेही (हात आडवा आला की सिग्नल देणारा प्रकाशकिरणांचा पडदा) दोन. रिसेट आणि कॉन्टॅक्टरचा फीडबॅक (तो खरंच सुटला का ते सांगणारा सिग्नल) हमखास विसरले जातात आणि शेवटी एक मॉड्यूल कमी पडतं. दोन-चार जागा रिकाम्या ठेवा.

थांबण्याचा वेळ मात्र अंदाजाने लिहू नका, मोजून घ्या. समजा मशीन थांबायला २०० मिलिसेकंद, कर्टनला १५ आणि कंट्रोलरला २० लागतात. एकूण २३५. हाताचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटर धरला, तर १४ मिलिमीटर रिझोल्यूशनचा (तेवढ्या जाडीची वस्तूही ओळखणारा) कर्टन धोक्यापासून किमान ४७० मिलिमीटर लांब हवा. ब्रेक झिजला की हा हिशोब बिघडतो, म्हणून मोजमाप पुन्हा कधी घ्यायचं तेही आत्ताच लिहून ठेवा. कर्टनची चौकट आधी ठोकून मग गणित करणारे बरेच भेटतात. तेव्हा ड्रिल पुन्हा काढावं लागतं.

वायरिंगमध्ये स्विचच्या दोन चॅनलना (दोन स्वतंत्र सिग्नल-मार्गांना) वेगवेगळे टेस्ट पल्स (तार तपासणारे क्षणभराचे सिग्नल) द्या, नाहीतर दोन तारा एकमेकींना चिकटल्या तरी कंट्रोलरला पत्ता लागणार नाही. कर्टनचे आउटपुट स्वतःच पल्स सोडतात, तिथे कंट्रोलरचे नकोत. दोन कॉन्टॅक्टर सिरीजमध्ये घ्या आणि दोघांचे मिरर कॉन्टॅक्ट (मुख्य कॉन्टॅक्ट चिकटून राहिला तर न जुळणारे सहाय्यक कॉन्टॅक्ट) फीडबॅकला आणा. रिसेटचं बटण अशा जागी लावा, जिथून धोक्याचा सगळा भाग दिसेल, पण आत उभ्या माणसाचा हात पोचणार नाही. इमर्जन्सी स्टॉप नुसता सोडला म्हणून मशीन चालू होता कामा नये.

आता लॅपटॉप. मॉड्यूलचा क्रम पॅनेलमध्ये आहे तसाच टाका. सिग्नलला मशीनवरचीच नावं द्या, 'इनपुट ३' नको. दोन चॅनलमधला मान्य वेळेचा फरक ठरवा; दार हळू ढकललं की येणारा फॉल्ट बहुतेक वेळा इथलाच असतो, पण म्हणून तो वेळ वाटेल तसा वाढवू नका. ड्राइव्हला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राला) आधी ब्रेक लावून मग सप्लाय तोडायचा असेल, तर तो उशीरही मोजलेल्या वेळावरूनच ठरवा. पासवर्ड बदला.

तपासणीला वेळ राखून ठेवा. लाल बटण दाबून मशीन थांबलं, एवढ्याने भागत नाही. एकेका चॅनलची तार काढा, दोन चॅनल मुद्दाम शॉर्ट करा, फीडबॅक तोडा, आणि प्रत्येक वेळी रिसेट नाकारला जातो का ते पाहा. यातली तार काढणं-जोडणं सप्लाय बंद करून, मशीन लॉक करूनच. निकाल तारखेसह लिहा, कॉन्फिगरेशनचा चेकसम (प्रोग्रॅमवरून निघणारा ओळखीचा आकडा) त्याच कागदावर टिपा आणि एक प्रत पॅनेलच्या दाराच्या आत लावा. पुढे कुणी प्रोग्रॅमला हात लावला, तर आकडा जुळणार नाही.