मास्कने चेहरा बिघडतोय? आधी या चुका टाळा

सगळ्यात घातक चूक म्हणजे पुरळ आलं की मेडिकलमधून "चेहऱ्यासाठी काहीतरी द्या" म्हणून ट्यूब आणणं. 2020 मध्ये आमच्या आयसीयूत नव्याने लागलेल्या एका सिस्टरच्या हनुवटीवर एन-95 खाली पुटकुळ्या आल्या. तिने चिठ्ठीशिवाय बेटामेथासोन या स्टिरॉइडची ट्यूब आणली. चार दिवसांत चेहरा नितळ, म्हणून मग रोज रात्री लावायला लागली. दोन महिन्यांनी थांबवली तर तिसऱ्या दिवशी चेहरा लालबुंद, साधं पाणी लागलं तरी आग. परत लावली की शांत, सोडली की पुन्हा तेच. गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या होत्या. स्टिरॉइडने सूज दबते, पण कातडी पातळ होत जाते. त्वचेच्या डॉक्टरांकडे सहा महिने खेपा घातल्या तेव्हा कुठे ती सुटली. ट्यूबवरच्या औषधाचं नाव "सोन"ने संपत असेल किंवा क्लोबेटासोल लिहिलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. आधीच लावत असाल तर दाखवायला आजच जा.

दुसरी घाई स्क्रबची. मास्कखाली घाम, वाफ आणि घासणं यांनी कातडी आधीच दुखावलेली असते, त्यावर अक्रोडाचे कण कशाला चोळायचे? मी ड्यूटीवरून आले की सौम्य फेसवॉशने एकदाच धुते, टॉवेलने टिपते आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर लावते. पुटकुळीवर रात्री 2.5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड, तेही थोडंसंच. त्याने रंगीत कापडावर डाग पडतात, म्हणून उशीला पांढरा अभ्रा घालते. फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. तेवढा धीर धरायलाच हवा.

टूथपेस्ट नको, लिंबू तर नकोच. मास्कखाली फाउंडेशनही नको.

कापडी मास्क धुताना तीनदा पाणी बदला, साबण राहिला की कातडी चुरचुरते. स्कूटीवर स्कार्फ बांधणाऱ्या मुलींनो, तुम्हालाही हेच. घामाचा स्कार्फ आठवडाभर डिकीत ठेवून तोच तोंडाला गुंडाळू नका.

आणि प्रत्येक पुरळ म्हणजे मुरुम नव्हे. इलॅस्टिकच्या रेषेतच खाज असेल तर बहुधा अ‍ॅलर्जी, मास्क बदलून पाहा. नाकाच्या हाडावर सोललं असेल तर तो दाब आहे. तिथे पट्टी लावलीत तर वॉर्डमध्ये जाण्याआधी फिट-चेक, म्हणजे मास्क चेहऱ्याला नीट चिकटून बसलाय का ते, परत करा, आणि कडेने हवा सुटत असेल तर ती पट्टी काढा.