क्विन्स: आधी न शिजवता चाखा, मग जॅम

क्विन्स म्हणजे सफरचंद-नासपतीच्या कुळातलं एक सुगंधी फळ. ते मऊ व्हायची वाट बघू नका, पिकलं तरी ते कडकच राहतं. पूर्ण पिवळं झालं, अंगठ्याने सालीवरची लव सहज निघाली आणि वास दरवळू लागला, की झालं. हिरवट असेल तर काही दिवस बाहेर ठेवा.

जड सुरीने उभं कापा. गाभा फार चिवट असतो, सुरी निसटते. साल काढून 2 मिलिमीटरची चकती घ्या. लिंबू लावू नका, नाहीतर फळाचा मूळ आंबटपणा कळणार नाही. सावकाश चावा. आधी आंबट, मग सुगंध, आणि लगेच जीभ आखडते. टॅनिन, म्हणजे फळातला तुरट घटक, लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. दाताखाली रवाळ लागतं ते फळातल्या कठीण पेशींमुळे. दुसऱ्या चकतीवर चिमूटभर मीठ टाका. तुरटपणा थोडा दबेल. काही जाती मुळातच सौम्य असतात, त्या नुसत्या खाता येतात.

हाच तुरटपणा जॅमला रंग देतो. आंबट रसात बराच वेळ उकळलं की टॅनिनपासून लाल रंगद्रव्य बनतं, आणि जिभेला तुरट लागणारं कमी होतं.

1 किलो साफ केलेल्या फोडी बुडतील इतकं पाणी घाला, एका लिंबाचा रस पिळा. साली आणि गाभा फडक्यात पुरचुंडी बांधून सोडा, जॅम घट्ट करणारं पेक्टिन त्यातच जास्त. बिया मात्र ठेचू नका, त्यात अमिग्डालिन असतं आणि त्यापासून सायनाइड तयार होतं. पाऊण तासाने फोडी बोटाने चेपल्या गेल्या, की पुरचुंडी पिळून काढा आणि मगच 700 ग्रॅम साखर घाला. घाई केली तर फोडी साखरेत आक्रसतात, पुन्हा मऊ होत नाहीत. मंद आचेवर तास-दीड तास ढवळत राहा: पिवळा, मग जर्दाळूसारखा, मग विटकरी-गुलाबी. मोठ्या आचेवर पाणी लवकर आटतं, रंग फिकाच राहतो. शेवटी जाड बुडबुडे उडतात, लांब दांड्याचा चमचा वापरा.

फ्रीजमधल्या गार बशीवर थेंब टाका. बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली की उतरवा. भांड्यात पातळ दिसलं तरी फसू नका: पेक्टिन इतकं, की जरा जास्त आटवलं तर बरणीत चामड्यासारखं होतं. तसं झालंच तर थोडं गरम पाणी घालून पुन्हा एक उकळी आणा.

चव दुसऱ्या दिवशी बघा, चमच्याने, पावाशिवाय. सुगंध तोच हवा, पण जीभ आखडली नाही पाहिजे. आखडलीच तर शिजवणं कमी पडलंय.