सूर्यफूल कुळातली तणं: गट कसा लावायचा, प्रसार कसा समजून घ्यायचा

गाजर गवत, एकदांडी, ओसाडी, रानमोडी, सहदेवी. उष्ण प्रदेशातल्या पडीक जागेवर, रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर यातलं एखादं तरी तण उभं असतंच. पाचही सूर्यफुलाच्या कुळातली, म्हणजे ॲस्टरेसीतली. जुन्या पुस्तकांत याच कुळाला कॉम्पोझिटी म्हटलेलं आढळेल. ते नावही नियमाने आजवर ग्राह्य आहे. ऑर्किडचं कुळ आणि हे, फुलझाडांची ही दोन सगळ्यात मोठी कुळं. जाती वीस हजारांहून बऱ्याच जास्त.

एवढ्या पसाऱ्यात नवखा माणूस हमखास फुलाचा रंग धरून नाव शोधायला लागतो आणि फसतो. या कुळात रंग सगळ्यात शेवटी बघायचा. आधी पानांची मांडणी, मग फुलाखालची हिरवी छदं, आणि मुख्य म्हणजे बी. बी हातात आलं की झाड कुठल्या गटातलं हे बरंचसं कळतं आणि ते इथवर कसं पोचलं असेल याचाही अंदाज येतो. शास्त्राच्या भाषेत ते बी नव्हे, एकबीजी कोरडं फळ. पण सगळे बीच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

साधनं फार लागत नाहीत. दहापट मोठं दाखवणारं भिंग, ब्लेड, टाचणी, पांढरा कागद आणि मोबाईल.

पायरी 1: कुळ हेच का, ते आधी पक्कं करा

सुरुवातीला एकदांडी घ्या. लांब, सरळ देठाच्या टोकाला एकेकटं फूल, त्यामुळे हाताळायला सोपी. ते फूल उभं मधोमध कापा आणि भिंगाखाली धरा. आपण ज्याला एक फूल म्हणत होतो तो बारक्या फुलांचा गुच्छ आहे हे लगेच दिसतं. या गुच्छाला स्तबक म्हणतात. कडेला बहुधा पाच फिकट पांढरी किरण-पुष्पकं असतात, प्रत्येकाच्या टोकाला तीन दाते. मधली सगळी पिवळी नळीसारखी बिंब-पुष्पकं. त्यांच्या तोंडाशी पाच दाते. टाचणीने एक नळी सोडवून चिरली की आत पाच परागकोश एकमेकांना चिकटून दुसरी नळी झालेली दिसते आणि तिच्यातून दुभंगलेली कुक्षी वर येते. बीजकोश पाकळ्यांच्या खाली. बीजकोशाच्या माथ्यावर, जिथे संदल, म्हणजे फुलाचं बाहेरचं हिरवं वेष्टण, असायला हवा, तिथे पिसांसारखे केस.

चिकटलेले परागकोश आणि पाकळ्यांखालचा, एकच बी धरणारा बीजकोश, या दोन गोष्टी जुळल्या की कुळ ठरलं. स्तबकाखालची हिरवी पानं म्हणजे संदल नव्हेत, ती सगळ्या गुच्छाला मिळून असलेली छदं. घाणेरीचा रंगीत गुच्छही लांबून असाच वाटतो, पण तिची फुलं सुटी असतात आणि पुढे गोळीएवढं रसाळ फळ धरतं; तिचं कुळच वेगळं. गोरखमुंडी मात्र याच कुळातली असूनही चकवते. तिचा जांभळा गोंडा म्हणजे एक स्तबक नसून बारीक स्तबकांचा मिळून झालेला गोळा आहे. ती पहिल्याच दिवशी कापायला घेऊ नये.

पायरी 2: गट लावा

कुळ आणि वंश यांच्या मधल्या गटांना ट्राइब म्हणतात. त्यांची पहिली भक्कम मांडणी फ्रेंच वनस्पतिज्ञ आंरी कॅसिनी यांनी 19व्या शतकाच्या सुरुवातीला केली. पुढे 1873 मध्ये जॉर्ज बेंथम यांनी ती जगभरच्या नमुन्यांवर तपासून घेतली. डीएनए आल्यावर बरीच उलथापालथ झाली, तरी शेतात उभं राहून लावता येणारे गट अजून बरेचसे तेच आहेत. प्रश्न विचारण्याचा क्रम तेवढा सांभाळा.

पहिला प्रश्न चिकाचा. ताजं पान तोडा. पांढरा चीक आला आणि स्तबकातली सगळी पुष्पकं चपटी, टोकाला पाच दाते असलेली निघाली, तर तो सिकोरिई गट. पाथरी यातली. दाते मोजणं महत्त्वाचं आहे: इथे पाचही पाकळ्या जुळून एक पट्टी झालेली असते, एकदांडीच्या किरणावर तीनच दाते असतात. वाळलेल्या नमुन्यावर चिकाची परीक्षा होत नाही, म्हणून ही नोंद जागेवरच करून टाका.

चीक नाही आणि कडेला किरणंही नाहीत, सगळ्या नुसत्या नळ्या? मग पानं पाहा. पानं समोरासमोर, फुलं पांढरी ते फिकट जांभळी, आणि कुक्षीच्या लांब शाखा बाहेर आल्यामुळे गुच्छ केसाळ दिसतो, तर युपॅटोरिई. ओसाडी, रानमोडी आणि वेलासारखी चढणारी मिकानिया या गटातल्या. पानं एकाआड एक आणि फुलं जांभळी, तर बहुतेक व्हर्नोनिई. सहदेवी हे तिचं नेहमीचं उदाहरण. इथे कुक्षीच्या शाखा बारीक आणि टोकदार असतात. सदामंडीही जांभळी-गुलाबी आणि एकाआड एक पानांची, म्हणून ती सहदेवीत मिसळली जाते. स्तबक उलटं करून छदं पाहिली की प्रश्न मिटतो. सहदेवीची छदं एकावर एक अनेक ओळींत, सदामंडीची एकाच ओळीत, सारख्या उंचीची, चिकटून नळकांडं झालेली. एकाच ओळीतली छदं ही सेनेसिओनिई गटाची खूण. सोनकीसुद्धा त्यातलीच.

किरणं आहेत, पानं समोरासमोर आहेत आणि पुष्पकांच्या बुडाशी बारीक खवले आहेत, तर आपण सूर्यफुलाच्या जवळच्या गोतावळ्यात आहोत. जुन्या पुस्तकांत हे सगळं हेलिअँथिई या एकाच गटात कोंबलेलं असतं. आता त्याचे तुकडे झाले आहेत: एकदांडी आणि गॅलिन्सोगा मिलेरिई गटात, बायडन्स आणि कॉसमॉस कोरिऑप्सिडिई गटात, तर गाजर गवत, माका, शंकेश्वर मूळ हेलिअँथिईतच. सामान्य वाचकाने हे तुकडे पाठ करत बसू नये. जुनं पुस्तक आणि नवं संकेतस्थळ वेगळं सांगत असेल तर गोंधळायचं नाही, एवढ्यासाठी माहीत असावं. आणि गाजर गवताची पानं एकाआड एक असतात, समोरासमोर नव्हे. तणं आपल्या तक्त्याला बांधील नसतात.

पायरी 3: जात ठरवताना बी उघडा

गाजर गवताचं एक पिकलेलं स्तबक कागदावर चोळा. पांढरा ठिपका वाटणाऱ्या त्या स्तबकात पाच किरण-पुष्पकं असतात आणि बी धरतं ते फक्त त्या पाचांना. मधली पुष्पकं परागापुरती. म्हणजे एका स्तबकातून जास्तीत जास्त पाच काळ्या बिया. प्रत्येक बीला दोन बाजूंनी दोन वाळकी बिंब-पुष्पकं चिकटलेली असतात. भिंगाखाली ही जोडी ओळखू आली की शंका उरत नाही. एका स्तबकात पाचच बिया, पण एका जोमदार झाडाला हजारो स्तबकं. पंधरा-वीस हजार बियांचा हिशोब असा जुळतो. केसांची छत्री मात्र या बीला नसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, नकाशापाशी लागेल.

ओसाडीच्या दोन जाती उष्ण प्रदेशांत सगळीकडे मिसळलेल्या सापडतात. पानाचं बूड गोलसर किंवा देठाकडे निमुळतं आणि छदं जवळजवळ बिनकेसाची, तर अजेरॅटम कोनिझॉइडिस. पानाचं बूड बदामी आणि छदांवर चिकट केस, तर अजेरॅटम ह्यूस्टोनिॲनम. ही बागेतून सुटलेली. फुलांचा निळा रंग गडद की फिका यावरून केलेली निवड चुकते.

बायडन्सच्या बीवर दोन-तीन काटे असतात आणि त्या काट्यांवर उलटे दाते. हे मुद्दाम शोधावं लागत नाही, त्या झाडीतून चालून आलं की विजारीवर नमुने मिळतात.

पायरी 4: नकाशा उघडण्याआधी नाव तपासा

ही पायरी लोक गाळतात आणि अर्धा प्रसार हरवून बसतात. स्वीडिश वनस्पतिज्ञ लिनियसने 1759 मध्ये रानमोडीला युपॅटोरियम ओडोरॅटम म्हटलं; 1970 मध्ये ती क्रोमोलिना ओडोरॅटा झाली. सहदेवी 1753 मध्ये कोनायझा म्हणून नोंदली गेली, मग दीर्घकाळ व्हर्नोनिया सिनेरिया होती, आता सायँथिलियम सिनेरियम आहे. बागेतून पसरणारी पिवळी वेडेलिया आता स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबॅटा. जुने अहवाल आणि जुने नमुने जुन्या नावाखालीच पडून असतात. म्हणून लंडनच्या क्यू उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर नाव टाकून आजचं ग्राह्य नाव आणि सगळी पर्यायी नावं उतरवून घ्या, आणि शोध प्रत्येक नावाने घ्या.

देशी नावावर नकाशा कधीच काढू नका. एकदांडीला कुठे दगडी पाला म्हणतात, कुठे कंबरमोडी. शंकेश्वराला गोखरू म्हणणारे लोक आहेत, आणि सराट्यालाही गोखरूच म्हणतात. तो तर या कुळातलासुद्धा नाही.

पायरी 5: प्रसार तीन थरांत वाचा

पहिला थर मूळ प्रदेशाचा, दुसरा माणसाने नेलेल्या प्रदेशाचा, तिसरा नोंदींचा. तिघांची गल्लत केली की नकाशा काहीही सांगतो.

आपण वर पाहिलेल्यांपैकी गाजर गवत, एकदांडी, ओसाडी, रानमोडी आणि मिकानिया मूळच्या अमेरिका खंडाच्या उष्ण भागातल्या. उलटी वाहतूकही आहे: सहदेवी आणि सदामंडी जुन्या जगातून अमेरिकेत गेल्या, याच कुळातलं क्रॅसोसेफॅलम हे तण आफ्रिकेतून आशियात आलं. मूळ प्रदेश शोधणं ही नुसती हौस नव्हे. तणाचा नैसर्गिक शत्रू तिथेच सापडतो. गाजर गवताची पानं खाणारा झायगोग्रामा भुंगेरा 1983 मध्ये मेक्सिकोतून भारतात आणला गेला तो याच हिशोबाने.

दुसऱ्या थरात बी पुन्हा कामाला येतं. गाजर गवताच्या बीला छत्री नाही, म्हणजे वाऱ्यावर ते लांब जाणार नाही. त्याचा माग धान्य, चारा, माती, वाहनं आणि पाण्याच्या वाटेने काढायचा. भारतात ते पसरल्याचं लक्षात आलं 1950च्या दशकाच्या मध्यात पुण्यात, आणि आयात गव्हाबरोबर आल्याची कथा सगळ्यांना माहीत आहे. तुरळक नोंदी मात्र त्याआधीच्याही आहेत. आगमन आणि फैलाव या दोन तारखा वेगळ्या धरायच्या असतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये ते टेक्सासहून आणलेल्या गवताच्या बियाण्यातूनही शिरलं. बियाण्यात बियाणं, ही वाट फार जुनी.

रानमोडीच्या बीला केस आहेत, ती वाऱ्यावरही जाते, कपड्यांना आणि यंत्रांनाही चिकटते. तरी समुद्र तिला माणसानेच ओलांडून दिला: भारतात 19व्या शतकात कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून सुटली, पश्चिम आफ्रिकेत 1930च्या दशकाच्या अखेरीस पोचली. दक्षिण आफ्रिकेतली रानमोडी दिसायलाही वेगळी आहे, कारण ती कॅरिबियन बेटांवरच्या वेगळ्या वाणातून आली. एकच नाव आणि दोन स्वाऱ्या. नुसत्या जातीच्या नकाशावर हे दिसत नाही.

वेडेलियाचं आणखी निराळं. ती मुख्यतः खोडाच्या तुकड्यांतून पसरते, म्हणून ती दिसली की जवळपास बागेचा कचरा टाकायची जागा शोधावी.

तिसरा थर ठिपक्यांचा. 2001 पासून चालणाऱ्या जीबीआयएफ या सजीवांच्या नोंदींच्या खुल्या ऑनलाइन साठ्यात वस्तुसंग्रहातले नमुने आणि लोकांनी काढलेले फोटो एकत्र मिळतात. पण ठिपका म्हणजे तिथे कुणीतरी पाहिलं, आणि रिकामी जागा म्हणजे कुणी पाहिलं नाही, इतकंच. शहरं आणि महामार्ग यांच्या कडेने ठिपक्यांची दाटी असते ती पुष्कळदा निरीक्षकांची असते. आफ्रिकेच्या पश्चिमेला भर समुद्रात ठिपका दिसला तर हसून सोडून द्या. तिथे अक्षांश आणि रेखांश दोन्ही शून्य असतात, म्हणजे कुणीतरी रकाना रिकामा ठेवलेला असतो. वनस्पती उद्यानातल्या लावलेल्या झाडांच्या नोंदीही गाळा. उरलेल्या ठिपक्यांना वर्षांप्रमाणे रंग द्या, मग पसरण्याची दिशा दिसू लागते.

पायरी 6: स्वतःची नोंद भरा

वरून काढलेला एकच सुंदर फोटो या कुळात जवळजवळ निरुपयोगी असतो. पाच फोटो घ्या: पूर्ण झाड, पानांची मांडणी, स्तबक वरून, स्तबक बाजूने म्हणजे छदांच्या ओळी दिसतील असं, आणि कागदावर पिकलेल्या बिया, शेजारी मोजपट्टी. तारीख, अक्षांश-रेखांश, जमीन ओली की कोरडी, झाडं मोजकी की माजलेली, आणि चीक आला का, हे तिथेच लिहा.

गाजर गवत हाताळताना हातमोजे घाला आणि फुलावर असताना तोंड-नाक झाका. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्यामुळे त्वचेला ॲलर्जी होते आणि एकदा लागली की पुढे थोड्या संपर्कानेही उठते. नमुना न्यायचा असेल तर फुलावरचा न्या, पिकलेल्या बियांचा असेल तर बंद पिशवीतच. कागदात दाबून पूर्ण वाळवा आणि 28 बाय 42 सेंटीमीटरच्या कागदावर चिकटवा. गळून पडलेली स्तबकं फेकू नका, छोट्या पाकिटात घालून त्याच कागदाच्या कोपऱ्यात लावा, कारण पुढे कुणाला नाव तपासायचं झालं तर तो आधी ते पाकीट उघडेल. निघण्यापूर्वी बुटांचे तळ, विजारीच्या दुमडी आणि पिशवीच्या शिवणी झाडायच्या, त्या त्याच जागी.